कापडाचं दुसरं टोक

जुसबभाई खत्र्यांनी ओढणी लाभुबेनच्या पुढ्यात पसरली आणि म्हणाले, "बेन, मोर काणा झालाय."

लाभुबेननं ओढणी खिडकीशी नेली. डोळ्यांजवळ धरली, मग हात लांब करून धरली. लाल रंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा मोर होता. पिसारा होता, तुरा होता, चोचही होती. डोळ्याच्या जागी मात्र नुसताच लाल रंग. तिथली गाठ मारायचीच राहून गेली होती.

"एका डोळ्यानं मोर काही नाचायचा थांबत नाही," ती म्हणाली.

"मोराचं सोडा, बांधणारीचं बोला. परवा हत्तीला तीन पाय होते. त्याआधी पुतळीला एकच हात. मी रंगवणारा माणूस, मी काय रंगाच्या हंड्यातून हातपाय काढून देऊ? डोळे दाखवा, बेन."

जामनगरच्या त्या शेरीत, म्हणजे गल्लीत, लाभुबेन नकुम चाळीस वर्षं बांधणी बांधत होती. करंगळीचं वाढवलेलं नख कापडाच्या खालून लावायचं, मुगाएवढा उंचवटा काढायचा, त्याला दोऱ्याचे चार वेढे द्यायचे आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे जायचं. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही, तेवढा ठिपका वाचतो. सारी विद्या एवढीच, पण त्यासाठी नजर लागते, आणि लाभुबेनची नजर दोन वर्षांपासून उतरणीला लागली होती. ती सांगत कुणालाच नव्हती. डाळीतले खडे ती बोटांनी चाचपून काढायची आणि नवऱ्याला म्हणायची, हल्लीचे खडे फार मऊ येतात.

जुसबभाईंनी तिला जवळजवळ ढकलतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी उजवा करू, दोन महिन्यांनी डावा. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त आठवडाभर डोळ्याला धक्का लागता कामा नये.

"मग नको," लाभुबेन म्हणाली आणि उठलीच.

तिचंही खोटं नव्हतं. तिच्या घरात रिंकल होती.

रिंकल तिची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सव्वीस. सहा वर्षांची असताना अहमदाबादच्या डॉक्टरांनी तिच्या वागण्याला ऑटिझम असं नाव दिलं होतं. त्याआधी नातेवाइकांनी फुकट दिलेली नावं बरीच होती. कुणी माताजीचा कोप म्हणालं, कुणी ग्रहणात भाजी चिरलीस म्हणालं, आणि कुणी सरळ वेडी म्हणालं. नवस झाले, ताईत झाले, एका बुवानं मोरपिसानं पाठ झाडली तेव्हा रिंकलनं त्याचं मोरपीस मोडून ठेवलं. ते बरंच केलं. डॉक्टरांनी नाव दिलं त्यानं मुलगी बदलली नाही, पण लाभुबेनची वणवण थांबली.

रिंकल फार बोलत नसे. पंचवीस-तीस शब्द होते तिच्याकडे, ते ती जपून वापरायची. बाजरीचा रोटला दुधात कुस्करून खायची, तोही एका बाजूनं चेपलेल्या वाटीतच. वाटी दुसरी असली तर उपास. तिला अंगाला हात लावलेला खपत नसे, आणि आवाज तर मुळीच खपत नसे. ज्या गावातल्या एका देवळात रामधून वर्षानुवर्षं रात्रंदिवस थांबलेली नाही, तिथं या मुलीला शांतता हवी होती. कुकरची शिट्टी, फटाका, लग्नाचा बँड, यातलं काही आलं की ती कान दाबून डोकं मागे आपटायची. मग लाभुबेन तिला पाठीमागून घट्ट धरून बसायची. रिंकल मारत नसे, ती नुसती सुटायला बघायची. पण त्या सुटण्यात तिचं डोकं आईच्या हनुवटीवर, गालफडावर, भुवईवर आदळायचं. लाभुबेनचा पुढचा अर्धा दात त्यातच गेला होता.

"डॉक्टर म्हणतात धक्का नको," घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. "म्हणजे पाण्यात राहा, पण भिजू नका."

वालजीभाई पितळेच्या कारखान्यात सुटे भाग घासायचे. पितळेचा आणि तेलाचा वास रिंकलला सहन होत नाही म्हणून वीस वर्षं ते कारखान्यातच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून घरी येत. याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत आणि कुणी त्यांचं कौतुकही केलं नाही. ते म्हणाले, "आठ दिवस तू तुझ्या भावाकडे ध्रोळला राहा. मी रजा घेतो."

"तिला न्हाऊ कोण घालणार? तिची पाळी आली तर? सव्वीस वर्षांची बाई आहे ती. बापानं करायच्या गोष्टी नाहीत या."

दोघांनाही एकच नाव सुचलं होतं, आणि दोघांनीही ते घेतलं नाही.

ते नाव भिंतीपलीकडे राहत होतं. मुक्ता, लाभुबेनची धाकटी जाऊ. दोन्ही घरांची भिंत एक, ओटा एक, नळ एक. आणि बारा वर्षं या दोघी एकमेकींशी 'पाणी आलं' आणि 'पाणी गेलं' यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

कारण होतं एक घरचोळं, नवरीनं लग्नात नेसायची लाल बांधणीची साडी.

मुक्ताच्या दक्षाचं लग्न ठरलं तेव्हा लाभुबेननं स्वतःहून सांगितलं होतं, पुतणीचं लग्नातलं घरचोळं मी बांधणार. बावन्न चौकटींचं, प्रत्येक चौकटीत हत्ती, मोर नाहीतर पुतळी. आठ महिने ती बांधत होती. पांढऱ्या ठिपक्यांच्या गाठी मारून झाल्या, जुसबभाईंनी कापड पिवळ्या रंगातून काढलं, आणि पिवळ्या ठिपक्यांच्या गाठींसाठी ते परत लाभुबेनकडे आलं. त्या झाल्या की लाल रंग चढणार होता. लग्नाला महिना उरला होता. एका दुपारी लाभुबेन नळावर गेली. परत आली तर रिंकलनं, तेव्हा ती चौदाची होती, घरचोळ्याचं एक टोक हिंदोळ्याच्या कडीला बांधलं होतं आणि दुसरं टोक हातात धरून ती तिरपं ओढत होती.

बांधणी अशीच सोडतात. तिरपा झटका दिला की न तोडलेला दोरा एका गाठीवरून दुसरीवर धावतो, आणि तड तड तड करत शेकडो गाठी एका दमात उसळून सुटतात. लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. दुकानात गिऱ्हाइकासमोर सोडली की माल खरा असल्याची खात्री पटते. पण ते सगळं झाल्यावर, लाल रंग चढून वाळल्यावर. त्याआधी सोडली तर आठ महिन्यांची माती.

त्या दिवशी माती झाली. दक्षा दुकानातलं घरचोळं नेसून बोहल्यावर चढली. मुक्ता भरल्या मांडवात, चार बायकांच्या देखत म्हणाली, "माझ्या पोरीचं सौभाग्य लाल व्हायच्या आधीच उसवलं हिच्या पोरीनं." लग्नघरात असा शब्द काढायचा नसतो. तो काढला गेला, आणि तिथून बोलणं संपलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लाभुबेननं त्याच आठवड्यात लोखंडी पेटी आणली. बांधायचं कापड, बांधलेलं कापड, सगळं पेटीत जायचं, किल्ली कमरेला. ते पिवळं घरचोळंही पेटीच्या तळाला गेलं. टाकवलं नाही, आणि बघवलंही नाही. काम करायचं ते रिंकल झोपली की, नाहीतर तिच्याकडे पाठ करून.

पुढे रिंकल दोन वर्षं एका शाळेत जायची. तिथल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, हिला कशात आनंद वाटतो ते सांगा, आपण तेच वाढवू. लाभुबेननं हिंदोळा सांगितला, वाटीतला रोटला सांगितला, नळाची धार, जड गोधडी, पंख्याकडे बघणं. बाईंनी पाच गोष्टी लिहून घेतल्या. सहावी लाभुबेनला माहीत होती. ती तिनं सांगितली नाही.

तर डोळ्याचं काम पुढे ढकललं जात राहिलं. आधी दिवाळी होऊ दे, मग संक्रांत होऊ दे. मधे एकदा दोघं रिंकलला घेऊन एका वसतिगृहात जाऊन आली, आठ दिवस ठेवता येतं का बघायला. माणसं चांगली होती. रिंकल तासभर टेबलाखाली बसली, बाहेर आली ती थेट फाटकाशी जाऊन उभी राहिली. माघ संपेपर्यंत लाभुबेनला सुईत दोरा ओवणं तर सोडाच, तुळशीतल्या एका दिव्याचेही दोन दिसायला लागले.

फाल्गुनात एका दुपारी जुसबभाई गठ्ठा घेऊन आले. रंगवून वाळवलेल्या चाळीस ओढण्या होत्या, सगळ्या अजून बांधलेल्या.

"बेन, आता व्यापाऱ्यांना फोटो लागतात फोनवर. सोडून पाठवा म्हणतात. माझी बोटं संधिवातानं आखडलीत आणि दुसरं टोक धरणारी सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. बांधण्यात तुमची नजर चालत नाही, पण सोडायला नजर लागत नाही. एवढ्या सोडून द्या."

"या घरात नाही सोडायचं काही," लाभुबेन म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे मला?"

"तिनं काय केलं होतं ते."

जुसबभाई हिंदोळ्यावर टेकले. त्यांचा आवाज मुळातच खालचा, रंगाच्या वाफेनं बसलेला. म्हणूनच रिंकलला ते चालायचे. ती कोपऱ्यात गोधडी पांघरून बसली होती आणि गठ्ठ्याकडे बघत होती. माणसांकडे ती असं कधी बघत नसे.

"बेन, मी बारा वर्षं बोललो नाही, कारण नुकसान तुमचं होतं आणि मुलगी तुमची. आज बोलतो. काय केलं तिनं? बांधणी सोडली. बांधणी कशासाठी बांधतात? सोडण्यासाठीच ना? जन्मभर कुणी बांधलेलीच नेसतं का? काम तिनं बरोबर केलं. फक्त माझ्या लाल रंगाच्या आधी केलं. तेवढं कुणी तिला सांगितलं होतं?"

"तिला सांगून कळतं का?"

"सांगून बघितलंत?"

जुसबभाईंनी एक ओढणी काढली, एक टोक आपल्या पायाच्या अंगठ्यात आणि मुठीत धरलं आणि दुसरं टोक जमिनीवरून रिंकलकडे सरकवलं. तिच्या हातात दिलं नाही, नुसतं पुढे ठेवलं.

"लाल झालंय, बेटा," ते म्हणाले. "आता सोड."

रिंकलनं गोधडी बाजूला केली. टोक उचललं. ओढणीचा लाल रंग तिनं नाकाशी नेऊन हुंगला. मग दोन्ही हातांनी तिरपा झटका दिला.

तड तड तड तड. दोरा हवेत उडाला, आखडून गोळा झालेलं कापड बघता बघता हातभर रुंद झालं, आणि आत पांढरे ठिपके उघडले. आणि रिंकल हसली. हसली म्हणजे ओठ फाकले असं नव्हे. पोटातून, खांदे हलवत, गुदगुल्या झालेल्या मुलासारखी हसली.

"अजून," ती म्हणाली.

हे हसू लाभुबेननं बारा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. त्या दुपारी नळावरून येताना तिला हेच ऐकू आलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं, आज पोरगी खुशीत आहे म्हणून. मग तिनं दार उघडलं, घरचोळं बघितलं, आणि हसणाऱ्या मुलीच्या थोबाडीत मारली. जन्मात एकदाच मारलं, पण मारलं ते ती हसत असताना. लोकांना तिनं घरचोळ्याचं दुःख सांगितलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पेटीला कुलूप लावलं ते कापड वाचवायला, असं ती स्वतःलाही सांगत आली होती.

ती रडली. जुसबभाईंनी दुसरीकडे बघितलं आणि दुसरी ओढणी काढली.

त्या दुपारी तेरा ओढण्या सुटल्या. माणसाचा हात ज्या मुलीला खपत नसे, ती सगळा वेळ एका म्हाताऱ्या माणसाबरोबर काम करत होती. मधे कापड होतं. अडीच वार लांब, आणि तेवढं अंतर तिला मानवत होतं. ओढलं की समोरून ओढ यायची, सोडलं की ढील मिळायची. लाभुबेन बघत होती. दुसरं टोक धरणारं माणूस कुणीही असलं तरी चालेल, हे तिला दिसलं. आणि ते कोण, हेही दिसलं, कारण तेराव्या ओढणीला भिंतीपलीकडून ठणठणीत आवाज आला, "काय लाह्या फोडताय का घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाभुबेन मुक्ताच्या दारात उभी राहिली. ओटा एकच, बारा पावलं. वर्षाला एक पाऊल पडलं म्हणायचं.

मुक्ता भेंडी चिरत होती. तिचा आवाज म्हणजे कर्ण्याला जिभेची जोड, आणि दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या. ती शेरीच्या टोकाला आली की रिंकल इकडे कान झाकायची.

"या भाभी," मुक्ता म्हणाली. "पाणी आलं का गेलं, ते सांगायला आलात?"

"डोळे गेले, ते सांगायला आले." लाभुबेननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोतीबिंदू, धक्का, आठ दिवस. शेवटी म्हणाली, "रिंकलजवळ बाईमाणूस हवंय. दुसरं कुणी नाही मला."

"दुसरं कुणी नाही म्हणून मी. वा! आणि माझ्या दक्षाचं घरचोळं?"

"त्याबद्दल तेव्हाही माफी मागितली होती, आत्ताही मागते."

मुक्तानं सुरी परातीत टाकली. "घरचोळं गेलं त्याचं मला काय करायचं होतं, भाभी? चार दिवस जळले, पाचव्या दिवशी विझले. तोंड सैल सुटलं माझं, तेही मला कळतं. पण तुम्ही माफी मागायला आलात तेव्हा रिंकल तुमच्याबरोबर होती. आणि मी पुढे झाले तर तुम्ही तिला पदराआड घेतलंत. मी काय तिला खाणार होते? तिला पहिली अंघोळ या हातांनी घातलीय मी, तुम्ही बाळंतिणीच्या खाटेवर होतात तेव्हा. आणि त्या माफीच्या दिवसापासून बारा वर्षं दार बंद. माझी पुतणी भिंतीपलीकडे किंचाळते आणि मला आत जायची सोय नाही. सगळं मीच करणार, मलाच जमतं, बाकीचे सगळे राक्षस. करा मग एकट्या!"

लाभुबेनला वाटलं होतं, टोमणे ऐकावे लागतील. हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. आणि यातलं बरंच खरं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चार वाजता ये. आणि हळू बोल."

"हळू म्हणजे किती हळू?"

"आत्ता बोलतेस त्याच्या पाव."

"अगं बाई," मुक्ता म्हणाली, "म्हणजे मुकीच की!"

पुढचे पंधरा दिवस शिकवणी चालली. पाठीमागून यायचं नाही. एक गोष्ट एकदाच सांगायची, आणि उत्तराची वाट बघायची. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. चेपलेली वाटी. न्हाताना पाणी डोक्यावर एकदम ओतायचं नाही, आधी पायावर. आकांत झालाच तर धरायचं नाही, जड गोधडी द्यायची आणि लांब बसायचं.

"तुम्ही तर धरता," मुक्ता म्हणाली.

"मी धरते, कारण मला भीती वाटते. तू लांब बस."

"आपली सासू परवडली," मुक्ता कुरकुरली. "एवढे नियम तिचेही नव्हते."

पण आवाज तिच्या हातात नव्हता तसा बांगड्यांचाही नव्हता. पहिल्या दिवशी तिनं ओढणीचं टोक धरलं, बांगड्या खळखळल्या, आणि रिंकल टोक टाकून गोधडीत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. बांगड्या उतरव, असं लाभुबेन म्हणू शकत नव्हती. नवरा हयात असलेल्या बाईला ते सांगायचं नसतं, आणि मुक्तानं तर मुळीच ऐकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता मुक्ता आली ती अगदी बिनआवाजाची. लाभुबेनला वाटलं, हिनं खरंच उतरवल्या की काय. तिनं जवळ जाऊन हात चाचपला. बांगड्या होत्या. डझनच्या डझन. मुक्तानं बांधणीचा दोरा घेऊन त्या एकमेकींना वेढे देऊन आवळल्या होत्या, मनगटापासून पार वरपर्यंत, जशी गाठ बांधतात तशा. हात हलवला तरी हूं की चूं नाही.

"बघता काय?" मुक्ता पाव आवाजात म्हणाली. "तुमच्या घरात यायचं तर बांधूनच घ्यावं लागतं."

त्या दिवशी रिंकलनं टोक टाकलं नाही. सहा ओढण्या झाल्या. सातव्या वेळी ती मुक्ताकडे बघून म्हणाली, "अजून." मुक्तानं मान खाली घातली आणि पदरानं नाक पुसलं.

चैत्रात लाभुबेनच्या उजव्या डोळ्याचं काम झालं आणि ती पट्टी बांधून ध्रोळला भावाकडे गेली. पहिले दोन दिवस ती फोन हातात धरून बसली. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच केला. वालजीभाई म्हणाले, सगळं ठीक आहे. काल कुणीतरी फटाके लावले, रिंकलनं आकांत केला. मुक्तानं गोधडी दिली आणि ओट्यावर जाऊन अर्धा तास गप्प बसली. मुक्ता अर्धा तास गप्प होती हे शेरीत अजून कुणाला खरं वाटत नाहीये.

"माझी आठवण काढली का तिनं?"

वालजीभाईंना खोटं बोलता येत नसे. "तुझ्या उशीवर डोकं ठेवते. पण जेवते. झोपतेही."

कुणाला वाटेल, लाभुबेनला आनंद झाला. नाही. आधी तिला रागच आला. सव्वीस वर्षं जिच्यासाठी जीव टांगला, ती माझ्यावाचून जेवते? तास दोन तास ती भावजयीवर विनाकारण करवादली. मग भावजयीनं बटाट्याचं सारण भरलेले गरम घुघरे तळून पुढे ठेवले. तिखट चटणी, वर शेव. लाभुबेननं एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की आपण बसून, गरम असताना, मधे एकदाही न उठता खातोय. ती सहा खाऊन आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. उठली तेव्हा तिला राग आठवेना.

आठव्या दिवशी ती घरी आली. रिंकल धावत आली नाही, ती तसं करत नसे. तिनं आईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. मुक्ता म्हणाली, "मी आता येऊ नको ना?" लाभुबेन म्हणाली, "का? चार वाजता चहा घ्यायला काय झालं?"

महिन्याभरानं डॉक्टरांनी बारीक काम करायची परवानगी दिली. लाभुबेननं पेटी उघडली. दुपार होती, दार उघडं होतं, रिंकल हिंदोळ्यावर होती, आणि लाभुबेननं पाठ फिरवली नाही. वरचं कापड काढता काढता हात तळाला गेला आणि पिवळं घरचोळं वर आलं.

बारा वर्षांत तिनं ते दोनदा उलगडलं होतं. पहिल्यांदा रडण्यात काही दिसलं नव्हतं. दुसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, नुसतं पिवळं फडकं दिसलं होतं, नवसाच्या झेंड्यासारखं. तिला वाटलं होतं, ठिपके पुसले गेले, आता काही उरलं नाही.

तिनं कापड खिडकीशी नेलं. नवा डोळा झाकून जुन्यानं बघितलं. पिवळं फडकं. मग जुना झाकून नव्यानं बघितलं.

ठिपके होते. पिवळ्यावर पांढरे, मोहरीएवढे, हजारो. हत्तीचे चारही पाय होते, पुतळीचे दोन्ही हात होते, मोराला डोळा होता. बावन्न चौकटींतला एकही ठिपका कुठे गेला नव्हता. जुन्या डोळ्यावरची साय पांढऱ्यालाही पिवळं दाखवत होती, एवढंच. रिंकलनं गाठी सोडल्या होत्या, नक्षी मोडली नव्हती. त्याच ठिपक्यांवर परत गाठी मारता येणार होत्या. बारा वर्षांत कधीही मारता आल्या असत्या.

"मुक्ता!" तिनं हाक मारली, आणि रिंकलनं कान झाकले. "मुक्ता," ती हळू म्हणाली.

मुक्ता आली. दोघींनी दोन टोकं धरून घरचोळं घरभर पसरलं. मुक्तानं एका मोराच्या डोळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दक्षाची पोरगी दहा वर्षांची झाली. तिच्या लग्नापर्यंत होईल का बांधून?"

"त्याच्या आधी होईल."

"आणि तुमची ही बाईसाहेब?"

लाभुबेन रिंकलसमोर जमिनीवर बसली. "रिंकल, हे पिवळं आहे. हे नाही सोडायचं. आधी बांधायचं. मग जुसबकाका लाल करणार. लाल झालं की तू सोडायचंस. एक टोक तू, एक टोक काकी." एवढं सगळं, याच क्रमानं, तिनं मुलीला जन्मात पहिल्यांदा सांगितलं होतं. उत्तराची वाट बघत ती बसून राहिली.

रिंकल हिंदोळ्यावरून उतरली. तिनं घरचोळ्याची कड उचलली, हुंगली, तिरपी ओढून बघितली. आवाज आला नाही. तिनं परत ओढली. मग तिनं कड आईच्या मांडीवर ठेवली, आईचा उजवा हात मनगटाला धरून उचलला, आणि वाढवलेलं नख पहिल्या पांढऱ्या ठिपक्यावर आणून टेकवलं.

"बांध," ती म्हणाली.

लाभुबेननं नखानं ठिपका उचलला आणि दोऱ्याचा पहिला वेढा दिला.